बैठ्या नोकरीत दर अर्ध्या तासाला खुर्ची सोडायची कशी? नव्याने रुजू झालेल्यांसाठी

हिंजवडी असो, ऐरोली असो की तालुक्याच्या गावातली बँकेची शाखा, टेबलाची नोकरी लागली की पहिले काही महिने शरीर तक्रार करत नाही. मग संध्याकाळी कंबर धरायला लागते, पावलं जड होतात, दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागतात. तोवर दिवसाला दहा-बारा तास बसायची सवय मुरलेली असते. हा लेख त्या आधी वाचावा असा आहे, पण उशीर झाला असेल तरी पायऱ्या त्याच आहेत.

बहुतेक जण इथे एकच चूक करतात: "दर अर्ध्या तासाला उठायचं" असं ठरवतात आणि मोबाइलवर गजर लावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून गजर न बघताच बंद होतो, कारण कामात डोकं गुंतलेलं असताना निव्वळ उठण्यासाठी कोणी उठत नाही. ज्यांची सवय टिकते त्यांनी पाणी, चार्जर, कचऱ्याची टोपली, फोन अशा रोजच्या गरजेच्या गोष्टी हाताच्या अंतरावरून मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात. खालच्या पायऱ्यांचा बराचसा भाग या मांडणीबद्दलच आहे.

बसण्याने नेमकं होतं काय

ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करत तिकिटं फाडणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. तेव्हापासून या विषयावर बरंच काम झालं आहे. बसल्यावर मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळपास बंद पडतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर ओढून घेणारे हेच स्नायू असतात आणि पायातलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटरीचं आकुंचन करतं. म्हणून बैठक लांबली की जेवणानंतरची साखर जास्त वेळ वर राहते आणि संध्याकाळी घोट्याशी मोज्याचा वळ उमटतो.

"मी सकाळी व्यायाम करतो, मग दिवसभर बसलो तर चालेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेलं एक मोठं विश्लेषण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळपास पुसला जातो, असं त्यात दिसलं. रोज एवढा व्यायाम होत असेल तर उत्तमच. नोकरी आणि प्रवास सांभाळून तो जमणारे थोडे. बाकीच्यांनी व्यायाम जमेल तितका करावा आणि बैठक तोडावी, दोन्ही.

काय काय लागेल

- मोजपट्टी (शिंप्याची टेप चालेल)
- छोटी वही आणि पेन
- २००-२५० मिलीचा पेला किंवा फुलपात्र. एक लिटरची बाटली नको
- लाकडी पाट, किंवा रद्दीचा घट्ट बांधलेला गठ्ठा
- लॅपटॉपवर काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस (साधी तारेची जोडी हजार रुपयांच्या आसपास मिळते)
- ऑफिसात ठेवायला चपटे, मऊ तळाचे बूट किंवा सँडल
- कंबर, मणका किंवा गुडघ्याचा त्रास आधीपासून असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. वेगळी खुर्ची, पायाखालचा आधार किंवा उंची बदलणारं टेबल मागायचं झालं तर मनुष्यबळ विभाग बहुधा हीच मागतो. चिठ्ठीत फक्त दुखण्याचं नाव न लिहिता "सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये" अशी स्पष्ट सूचना लिहून घ्या, म्हणजे पुढची चर्चा लवकर संपते.

पायरी १: आधी तीन दिवस नुसतं मोजा

काहीही न बदलता कामाचे दोन दिवस आणि सुट्टीचा एक दिवस वहीत लिहा: कधी बसलो, कधी उठलो. मिनिटाचा हिशोब नको, पाच मिनिटं इकडेतिकडे चालतील. बसमधलं, गाडीवरचं, जेवतानाचं, रात्री मोबाइल घेऊन लोळण्याचं बसणंही धरा. दुचाकी चालवणं हेही बसणंच आहे.

ठाण्या-पुण्याकडच्या नोकरदाराची वही साधारण अशी दिसते: सकाळची कंपनीची बस ७० मिनिटं, ९:३० ते ११:१५ काम, १०५, ११:३० ते १:१५ काम, १०५, जेवण ३०, २:०० ते ४:३० काम, १५०, ४:४५ ते ७:०० काम, १३५, परतीची बस ८०, रात्रीचं जेवण आणि टीव्ही मिळून १२०. बेरीज ७९५ मिनिटं, म्हणजे सव्वातेरा तास.

यातून दोन आकडे वेगळे काढून ठेवा: दिवसाची बेरीज आणि सगळ्यात लांब सलग बैठक. वरच्या वहीत ती १५० मिनिटांची आहे आणि तीही जेवणानंतरची, जेव्हा स्नायूंनी साखर ओढून घ्यायला हवी असते. सुरुवात तिथूनच करा. बेरीज हळूहळू उतरते. सलग बैठक मात्र दोन आठवड्यांत निम्म्यावर येऊ शकते आणि त्यामुळे हुरूप टिकतो.

पावलं मोजणाऱ्या उपकरणावर इथे विसंबू नका. टेबलावर ठेवलेला मोबाइल तुमची पावलं मोजत नाही, आणि मनगटावरचा पट्टा खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीच्या धक्क्यांची पावलं करू शकतो. शिवाय दिवसाला आठ हजार पावलं झाली तरी ती सगळी सकाळच्या फेरीत झाली असतील, तर दुपारची अडीच तासांची बैठक त्या आकड्यामागे लपते. दहा हजार पावलांचा प्रसिद्ध आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. तो गाठला नाही म्हणून खचायचं कारण नाही.

पायरी २: खुर्ची आणि टेबल लावून घ्या

उठण्याच्या लेखात बसण्याची पायरी कशाला? कारण चुकीच्या उंचीवर बसलेल्या माणसाची मान-पाठ इतकी आखडते की उठल्यावर चालण्याऐवजी तो मान चोळत उभा राहतो.

आपल्याकडची ऑफिसची आणि जेवणाची टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस पाय जमिनीला टेकवून बसला तर त्याची कोपरं सुमारे ६२ ते ६५ सेंटिमीटरवर येतात. मधल्या दहा-बारा सेंटिमीटरची भरपाई खांदे उचलून होते. दिवसभर खांदे उचललेले राहिले की संध्याकाळी मानेच्या मुळाशी ठणकतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी खुर्ची एवढी वर घ्या की हात टंकायला ठेवल्यावर कोपर टेबलाच्या पातळीत किंवा किंचित वर येईल. आता पाय लोंबकळतील. त्याखाली पाट किंवा रद्दीचा गठ्ठा सारा, उंची कमी पडली तर एकावर एक दोन. मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड रुतता कामा नये. गुडघ्याची मागची बाजू आणि कड यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. शेवटी स्क्रीन: वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी तीन-चार सेंटिमीटर खाली, नाहीतर खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर उचलली जाते.

पाय टेकावेत म्हणून बरेच जण आधी खुर्ची खाली घेतात. मग खांद्यांचं दुखणं सुरू होतं आणि दोष माउसला दिला जातो.

लॅपटॉपची अडचण अशी की स्क्रीन आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. मान सांभाळावी तर मनगटं बिघडतात, मनगटं सांभाळावीत तर मान. लॅपटॉप छोट्या चौरंगावर किंवा जाड पुस्तकांवर चढवून कीबोर्ड-माउस वेगळे जोडणं हा एकच नीट उपाय आहे.

एवढं करून खुर्ची छान लागली की नवा धोका उभा राहतो: तीत आणखी वेळ बसवतं. महागड्या खुर्चीलाही पुढचा नियम तसाच लागू.

पायरी ३: उठण्याचं वेळापत्रक टप्प्याटप्प्याने आणा

ध्येय हे की जागेपणी सलग बैठक अर्ध्या तासापुढे जाऊ नये. पहिल्याच दिवशी ते जमणार नाही. पहिला आठवडा दर ६० मिनिटांनी, दुसरा ४५, तिसऱ्यापासून ३०.

उठल्यावर किती वेळ? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ मधल्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर रक्तदाब आणि जेवणानंतरची साखर दोन्ही उतरले. दर तासाला एकच मिनिट चाललेल्यांचाही रक्तदाब उतरला, साखरेत मात्र ठळक फरक पडला नाही. अर्ध्या तासाला पाच मिनिटं म्हणजे आठ तासांत ऐंशी मिनिटं. बहुतेक ऑफिसांत ते चालणार नाही. व्यवहारात जमणारं प्रमाण असं: दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं, आणि दर दोन तासांतली एक फेरी पाच मिनिटांची.

खुर्चीशेजारी उभं राहून आळस दिला आणि परत बसलो, हे मोजू नका. पावलं पडली पाहिजेत, निदान चाळीस-पन्नास. लिहिण्याचं किंवा कोडिंगचं काम रंगात आलं असेल तर ४५-५० मिनिटांवर उठलात तरी चालेल. तुटलेल्या एका फेरीसाठी पूर्ण दिवस सोडून देऊ नका.

पायरी ४: उठण्याची कारणं जागेपासून लांब ठेवा

सगळ्यात जास्त वेळ आणि डोकं या पायरीवर खर्च करा.

पाणी: एक लिटरची बाटली टेबलावर असली की दुपारपर्यंत उठायचं कारण उरत नाही. २५० मिलीचा पेला ठेवा आणि संपला की मशीनवर जाऊन भरा. दिवसभरात सहा ते आठ फेऱ्या इथेच होतात, आणि पाणी पोटात गेलं की शरीर आणखी तीन-चार फेऱ्या स्वतः मागतं. स्वच्छतागृह शक्य असेल तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरचं वापरा. स्वच्छतागृह घाण किंवा लांब आहे म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच टाळतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. तिथे पाणी न तोडता स्वच्छतेची लेखी तक्रार चार-पाच जणींनी मिळून करणं योग्य. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर पेल्याऐवजी दुसरं कारण निवडा.

कचऱ्याची टोपली टेबलाखालून काढून दरवाज्याजवळ ठेवा. मोबाइलचा चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगला लावा. प्रिंटर शेजारचा न निवडता पलीकडच्या विभागातला निवडा, आणि प्रिंट एकदम न काढता काम होईल तसतशी काढा. तीन टेबलं सोडून बसणाऱ्या सहकाऱ्याला निरोप टंकू नका, उठून जा. दोन वाक्यांत सुटणाऱ्या गोष्टीसाठी वीस निरोपांची साखळीही वाचते.

घरून काम करणाऱ्यांची अडचण उलटी असते: सगळं पाच पावलांवर. तिथे घरातली छोटी कामं दिवसभरात विखरा. कपडे एकदम वाळत न घालता दोन हप्त्यांत घाला, कुकरच्या शिट्ट्या मोजायला स्वयंपाकघरात उभे राहा, झाडांना पाणी दुपारी चारला घाला. हे सगळं सकाळी एका दमात उरकलं की दहा ते सहा नुसती खुर्ची उरते.

चहाचं मात्र भान ठेवा. प्रत्येक उठणं टपरीकडे वळलं तर दोन चमचे साखरेच्या एका चहात नुसत्या साखरेच्याच साधारण ४० कॅलरी, पाच चहांत २००, वर खारी-बिस्किटं वेगळी. दोन चहा ठरवून घ्या आणि बाकीच्या फेऱ्या कोऱ्या ठेवा. टपरीवर सिगारेट पेटवण्यासाठी उठणारा मित्र सोबतीला नको.

काउंटरवर किंवा कॉल सेंटरमध्ये काम असेल तर जागा सोडता येत नाही. दोन ग्राहकांच्या किंवा दोन कॉलच्या मधल्या वेळात खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसा, किंवा उभं राहून पंधरा वेळा टाचा उचला. फेरीची बरोबरी होत नाही, पण पोटऱ्या आणि मांड्या कामाला लागतात.

पायरी ५: कॉल आणि मीटिंग

बैठकीचा सगळ्यात लांब तुकडा बहुधा मीटिंगमध्येच असतो, आणि परदेशी ग्राहकांसोबत काम करणाऱ्यांचा संध्याकाळच्या कॉलमध्ये. सगळे कॉल उभ्याने होत नाहीत. ज्यात फक्त ऐकायचं किंवा बोलायचं आहे ते उभ्याने किंवा चालत घ्या. स्क्रीन दाखवायची आहे किंवा टिपणं काढायची आहेत ते बसून. सकाळी दिनदर्शिका उघडून चालण्याजोग्या कॉलवर खूण करून ठेवा, ऐन वेळी आठवत नाही.

तारेचा हेडफोन तुम्हाला टेबलाला बांधून ठेवतो, बिनतारी घ्या. चालताना स्वतःचा आवाज बंद ठेवा आणि बोलायच्या वेळी थांबा, धापेचा आवाज समोर जातो.

एकामागोमाग मीटिंग असतील तर उठायला फटच राहत नाही. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' हा पर्याय चालू केला की तुम्ही बोलावलेली अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि एक तासाची ५० मिनिटांची लागते. आउटलुकमध्येही मीटिंग लवकर संपवण्याचा असाच पर्याय आहे. टीममधल्या दोघा-तिघांनी जरी हे केलं तरी दिवसात चार-पाच फटी तयार होतात.

वरिष्ठांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका: "सर, मी अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठत जाईन, फोन सोबत असेल." न सांगता उठत राहिलात तर जागेवर नसल्याचा शिक्का बसतो आणि संकोचाने सवय मोडते.

पायरी ६: जेवणानंतर शतपावली, पण शंभरावर थांबू नका

जुन्या माणसांनी घालून दिलेली ही सवय ऑफिसात नेमकी हवी तिथे बसते. जेवणानंतर साधारण तास-दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते. त्या आधी पाय हलले की ही चढण सौम्य होते. पण शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटं चाला, म्हणजे हजारेक पावलं होतात.

डबा जागेवर उघडू नका. कॅन्टीनमध्ये किंवा पँट्रीत जा, वीस मिनिटांत जेवा, डबा धुवा आणि तिथूनच चालायला लागा. जागेवर परत येऊन "मेल बघून मग जाऊ" म्हटलं की फेरी गेलीच. वेग गप्पा मारता येतील इतकाच. भरल्या पोटी झपाझप चाललं की बरगडीखाली कळ येते. एप्रिल-मेच्या उन्हात आणि जून ते सप्टेंबरच्या पावसात बाहेर जमत नाही, म्हणून आतली वाट आधीच शोधून ठेवा: लांब कॉरिडॉर, तळघरातलं पार्किंग, दोन इमारतींना जोडणारा पूल. पार्किंगमध्ये गाड्यांच्या वर्दळीच्या वेळी नको.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नव्या फेऱ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि खिशात साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोज ठेवा.

पायरी ७: जिने

एका मजल्याला साधारण अठरा ते वीस पायऱ्या. पहिल्या आठवड्यात दोन मजले चढून उरलेल्याला लिफ्ट. दर आठवड्याला एक मजला वाढवा. चढताना बोलणं पूर्ण तुटत असेल तर वेग जास्त आहे. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. गुडघे कुरकुरत असतील तर चढा पायी, उतरा लिफ्टने.

काचेच्या मोठ्या इमारतींत एक अडचण हमखास येते. आगीच्या वेळी वापरायच्या जिन्याचं दार मजल्यावरून आत उघडतं, पण जिन्यातून परत मजल्यावर येताना कार्ड लागतं किंवा ते उघडतच नाही. मग तळमजल्यापर्यंत उतरूनच सुटका. आधी सुरक्षारक्षकाला विचारा, कोणत्या मजल्यांवर तुमचं कार्ड चालतं ते पाहा. जिन्यात मोबाइल बघू नका. साडी, लांब ओढणी किंवा टाचेचे बूट असतील तर कठडा धरा.

पायरी ८: जागेजवळचे पाच मिनिटांचे व्यायाम

दिवसातून दोनदा, सकाळी अकराच्या आणि दुपारी साडेचारच्या सुमारास:

- टाचा उचलणे: १५ वेळा, दोन फेऱ्या, वर दोन सेकंद थांबून
- हात न टेकता खुर्चीतून उठ-बस: १० वेळा. चाकाची खुर्ची भिंतीला टेकवून घ्या, नाहीतर ती मागे सरकते
- भिंतीला हात टेकून जोर: १० ते १२
- खांद्याची पाती मागे एकमेकांजवळ आणून पाच सेकंद धरणे: १० वेळा
- एक पाय मागे लांब टाकून मागच्या पायाच्या मांडीचा पुढचा भाग ताणणे: प्रत्येक बाजूला ३० सेकंद. दिवसभर बसून हाच भाग आखडतो आणि कंबर पुढे ओढतो

मान गोल फिरवू नका, चक्कर येऊ शकते. उजवीकडे, डावीकडे, खाली, सावकाश, एवढं पुरे. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटरपलीकडे बघा.

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणासाठी 'वाय-ब्रेक' नावाचा पाच मिनिटांचा योगक्रम आखला आणि २०२१ मध्ये त्याचं मोबाइल ॲपही आणलं. त्यातली ताडासन, कटिचक्रासन, स्कंधचक्र ही ऑफिसच्या कपड्यांतही सहज होतात. शेवटचा नाडीशोधन आणि भ्रामरीचा भाग मनाला शांत करतो, जरूर करा. पण तो बसून होतो, म्हणून बैठक तुटली असं धरू नका.

पायरी ९: उभं राहून काम करायचं असेल तर

उंची बदलणारं टेबल घेण्याआधी महिनाभर जुगाड करून बघा. तुमची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ०.६३ ने गुणा. उभं राहून टंकायची उंची साधारण तेवढी. १६० च्या माणसाला १०१ सेंटिमीटर, १७० ला १०७. म्हणजे ७५ च्या टेबलावर २६ ते ३२ सेंटिमीटरचा चौरंग किंवा भक्कम खोका. घरी बरेच जण लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवतात. ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर असतो. त्यावर वाकून काम केलं की कंबर बसण्यापेक्षा लवकर भरते.

सुरुवात दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. सलग ३० ते ४० मिनिटांपलीकडे नको. एक पाय पाटावर, दर काही मिनिटांनी पाय बदला; कडक फरशीवर अनवाणी उभे राहू नका. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारून.

आणि अपेक्षा नेमकी ठेवा. नुसतं उभं राहिल्याने बसण्यापेक्षा ताशी आठ-दहा कॅलरीच जास्त जळतात. फायदा असलाच तर पाठीला स्थिती बदलून मिळण्याचा आहे, आणि उभा माणूस चार पावलं सहज टाकतो याचा. टेबलावर पंचवीस-तीस हजार घालण्यापेक्षा चांगले बूट आणि बिनतारी हेडफोन आधी घ्या.

पायरी १०: प्रवास आणि आठवडा

कंपनीच्या बसने जात असाल तर एक थांबा आधी उतरा, पण रस्ता चालण्याजोगा आहे हे सुट्टीच्या दिवशी बघून घ्या. पदपथ नसलेल्या रस्त्यावर हट्ट नको. लोकलने जाणाऱ्यांचं उभं राहणं आणि पूल चढणं आपोआप होतं, म्हणून परतीला बसायला मिळालं तर खुशाल बसा. मेट्रोच्या स्थानकात सरकता जिना सोडून साधा धरा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा. दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या रोज जरा झपाट्याच्या होऊ लागल्या की आठवड्याची १४० मिनिटं तिथेच भरतात. या फेऱ्या जेवणानंतरच्या नकोत, पोट रिकामं असताना वेग वाढवायला हरकत नाही. स्नायूंसाठी जोर-बैठका, सूर्यनमस्कार पुरेसे आहेत. व्यायामशाळेची वर्षाची फी पहिल्याच महिन्यात भरू नका.

पाच दिवस खुर्ची आणि रविवारी पहाटे एकदम सिंहगड, असं केलं की सोमवारी पोटऱ्यांत गोळे येतात आणि जिने बंद पडतात. आधी महिनाभर जिने आणि एखादी टेकडी, मग गड.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

जिना चढताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, घाम आणि गरगर. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं. ही शिरेत रक्ताची गाठ झाल्याची खूण असू शकते, तिथे मालिश अजिबात करू नका. कंबरेपासून पावलापर्यंत मुंग्या किंवा पायाची शक्ती कमी होणं. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यात आणि छातीच्या त्रासात तर लगेच रुग्णालय गाठा.

चौथ्या आठवड्यानंतर

पुन्हा तीन दिवस वही लिहा आणि पहिल्या पानाशेजारी ठेवा. सलग बैठक १५० वरून ६० च्या खाली आली असेल तर वेळापत्रक बरोबर चाललं आहे. आता बेरजेकडे वळा, बहुधा रात्रीचा टीव्ही आणि मोबाइल यांतच सगळ्यात मोठी वजाबाकी निघते. बैठक उतरली नसेल तर गजर वाढवू नका. दिवसातली तीच वेळ शोधा, त्या वेळी टेबलावर काय काय हाताशी होतं ते लिहा, आणि त्यातली एक वस्तू उद्यापासून वीस पावलं लांब ठेवा.